गावचा वार्ताफलक पुन्हा लिहिता करा



आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावात शिरताना ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या किंवा मारुतीच्या पाराजवळच्या भिंतीवर काळा रंग दिलेला एक चौकोन दिसतो. वर पांढऱ्या अक्षरात 'वार्ताफलक' किंवा 'सूचना फलक' असे लिहिलेले असते. खाली बहुधा काहीच नसते. असलेच तर पावसाने अर्धवट धुतलेली एखादी ओळ आणि दोन-तीन वर्षांपूर्वीची तारीख असते. प्रस्तुत लेखकाने एका गावात तूर वाळवायला टाकलेली ताडपत्री फलकाच्याच खिळ्याला बांधलेली पाहिली. विचारले तेव्हा, "तिथं कोण वाचतंय साहेब," असे उत्तर मिळाले. ते खरेच होते. जेथे काही लिहिले जात नाही तेथे वाचायला कोणी थांबणार नाही.

हा लेख विशेषतः आपल्यापैकी जे ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत किंवा नव्याने निवडून आले आहेत त्यांच्यासाठी आहे. रस्ता, नाली, नळयोजना ही कामे निधी आला तरच होतात आणि त्यांना वेळ लागतो. फलक सुरू करायला मात्र काळ्या रंगाचा एक डबा, खडूची पेटी आणि रोजची पंधरा मिनिटे पुरतात. काम लहान दिसते. पण ते नेटाने वर्षभर चालवणे सोपे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

फलक बंद का पडतो ?

कृषि महाविद्यालयाच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभव कार्यक्रमात काही आठवडे गावात राहतात. आपण त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखता. ते फलक रंगवतात, सुंदर अक्षरात बीजप्रक्रिया, माती परीक्षण अशी माहिती लिहितात आणि सत्र संपले की परत जातात. त्यानंतर तो फलक तसाच राहतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्यामागे लिहिणारा कोण हे गावाने ठरवलेले नसते.

दुसरे कारण मजकुरात आहे. 'वेळेवर पेरणी करा', 'एकात्मिक कीड व्यवस्थापन करा' अशी वाक्ये जूनमध्येही खरी असतात आणि डिसेंबरमध्येही खरी असतात. कालचा आणि आजचा फलक सारखाच असेल तर माणूस उद्या तिकडे मान वळवत नाही. याउलट 'काल आपल्या शिवारात २२ मि.मी. पाऊस झाला' ही ओळ फक्त आजच्या दिवसाची आणि फक्त आपल्या गावाची असते. ती वर्तमानपत्रात मिळत नाही, आकाशवाणीवर मिळत नाही आणि मोबाईलवरही मिळत नाही. गावच्या फलकाचा जीव या एका गोष्टीत आहे. बाहेरून आलेली माहिती त्याच्या जोडीला असावी, पण पहिली ओळ गावात मोजलेल्या आकड्याचीच ठेवावी.

सुरुवात मासिक सभेपासून

सदस्याने उत्साहाच्या भरात एकट्याने खडू हातात घेऊ नये. प्रथम ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत विषय मांडून साधा ठराव घ्यावा. फलक कोठे राहील, खर्च कशातून होईल आणि लिहिणारे कोण हे त्यात नमूद करावे. ठराव असला म्हणजे पुढे सरपंच बदलले तरी फलक कोणा एकाचा ठरत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपली माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाची आहे. ती ज्या साधनांनी प्रसिद्ध करावयाची त्यांत सूचना फलकाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे फलक लिहिणे हा पंचायतीचा उपकार नसून तिचे कामच आहे. सभेत कोणी हरकत घेतल्यास ही बाब शांतपणे निदर्शनास आणावी.

लिहिणारे तीन किंवा चारजण असावेत आणि प्रत्येकाचे वार ठरलेले असावेत. गावात दोन पार्ट्या असतील, आणि त्या असतातच, तर दोन्हीकडचा एकेक माणूस घ्यावा. बचत गटातील एखादी लिहिती-वाचती भगिनी जरूर घ्यावी. शाळेतील चांगल्या अक्षराचा मुलगा किंवा मुलगी मदतीला असली तर उत्तमच, परंतु जबाबदारी मोठ्या माणसाचीच असावी, कारण परीक्षा आल्या की मुले येत नाहीत. रोजच्या मजकुराखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे. नाव लिहावे लागले की माणूस आकडा दोनदा पाहून लिहितो.

जागा निवडताना पंचायतीचे कार्यालयच हवे असा आग्रह धरू नये. कार्यालय बहुतेक वेळा बंद असते. सकाळी माणसे जेथे थांबतात ती जागा निवडावी, उदा. दूध संकलन केंद्र, एस.टी.चा थांबा, पिठाची गिरणी. गिरणीजवळ फलक असला तर स्त्रियांच्याही वाचनात येतो, पारावर असला तर सहसा येत नाही. वर पत्र्याची फूटभर पडवी असावी, नाहीतर पहिल्याच पावसात मजकूर धुऊन जातो. अक्षर हाताच्या बोटाएवढे मोठे असावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महत्त्वाची सूचना दवंडीने किंवा मंदिराच्या भोंग्यावरून वाचून दाखवावी.

पहिली ओळ पावसाची

गावात एक पर्जन्यमापक असावा. विकतचा घेणे शक्य नसेल तर तोंड व बूड सारख्याच व्यासाचे, सरळ उभ्या बाजूंचे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे भांडे चालते. अशा भांड्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तितके मि.मी. पाऊस झाला असे धरावे. भांडे मोकळ्या जागी, घर किंवा झाड जितके उंच असेल त्याच्या किमान दुप्पट अंतरावर, सपाट बसवावे. रोज सकाळी ८.३० वाजता मोजून पाणी ओतून द्यावे. हवामान खात्याचीही मोजणीची वेळ हीच आहे, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. पहिला उपयोग पेरणीचा. जमिनीत पुरेशी ओल जाण्यासाठी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये अशी विद्यापीठाची शिफारस आहे. मृगाच्या दोन सरी पडल्या, शेजाऱ्याने तिफण जुंपली म्हणून आपणही जुंपली, आणि मग दुबार पेरणी आली, हे आपण अनेकदा अनुभवले आहे. फलकावर 'जूनपासून एकूण ४१ मि.मी.' असे रोज दिसत असेल तर थांबायला आधार मिळतो. घरातली थोरली माणसेही मग आकडा पाहून बोलतात.

दुसरा उपयोग खंडाचा. १९०१ पासूनच्या नोंदींत ऑगस्ट २०२३ हा देशातील सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात सोयाबीन ऐन फुलोऱ्यात व शेंगा धरण्याच्या अवस्थेत सापडले. अशा वेळी पाऊस किती दिवसांपासून नाही हे प्रत्येकजण अंदाजाने सांगतो आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. शासकीय मदतीसाठी महसूल मंडळातील हवामान केंद्राचीच नोंद धरली जाते, गावच्या भांड्याची नाही. चोवीस तासांत ६५ मि.मी. पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हाही निकष मंडळाच्याच नोंदीला लागतो. तरीसुद्धा आपल्या गावात ९० आणि मंडळाच्या केंद्रावर ४० अशी तफावत वारंवार येत असेल, तर तारीखवार वही हातात घेऊन तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे जाणे आणि नुसतेच "आमच्याकडं लई झाला" असे सांगणे यांत फरक आहे. म्हणून फलकावरचा आकडा पुसण्यापूर्वी वहीत उतरवावा. फलक दिवसापुरता असतो आणि वही पुढे अनेक वर्षे कामी येते.

कापसाच्या गावात पतंगांची मोजणी

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान केले. बाहेरून बोंड चांगले दिसते आणि फोडल्यावर आत सरकी खाल्लेली असते. त्यामुळे डोळ्यांना नुकसान दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. पतंग मात्र आधी दिसतात. पेरणीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात दररोज ८ किंवा त्याहून जास्त पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजावे. याच्या जोडीला फुले व हिरवी बोंडे फोडून पाहावीत. १०० पैकी १० मध्ये प्रादुर्भाव असेल तर उपाय करण्याची वेळ झाली आहे.

ही माहिती बहुतेक कापूस उत्पादकांना ठाऊक आहे. अडचण अशी की सापळा दहाजणांनी लावला तर मोजतात दोघे आणि सांगत कोणीच नाही. पतंगाला बांध कळत नाही. एकाने वेळेवर फवारणी केली व शेजारच्या चार एकरांत कोणी पाहिलेच नाही तर उपयोग अर्धाही होत नाही. म्हणून शिवाराच्या तीन-चार भागांतील एकेका शेतकऱ्याने रोजचा आकडा फलक लिहिणाऱ्यास सांगावा आणि तो भागवार लिहावा. 'नदीकाठ ९, मधले शिवार ३' असे दिसले की नदीकाठचे सर्व कापूसवाले त्या दिवशी आपोआप शेतात जातात. यासाठी वेगळी सभा घ्यावी लागत नाही.

औषधाची मात्रा लिहिताना मात्र अतिशय सावध राहावे. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. दुकानदाराने सांगितले, भावाने मोबाईलवर पाठवले, अशा आधारावर कोणतेही औषध, मिश्रण किंवा मात्रा फलकावर कधीही लिहू नये. विद्यापीठाची किंवा कृषि विभागाची लेखी शिफारस असेल तरच ती जशीच्या तशी, तारखेसह उतरवावी. शंका असेल तर मात्रेची जागा कोरी ठेवलेली चालते.

विद्यापीठाच्या ग्रामीण कृषि मौसम सेवेतर्फे दर मंगळवारी व शुक्रवारी हवामानावर आधारित कृषि सल्ला प्रसिद्ध होतो. संपूर्ण सल्ला दोन-तीन पानांचा असतो. तो उतरवून काढण्याचा प्रयत्न करू नये. आपल्या गावात ज्या पिकाची आज जी अवस्था आहे तेवढ्यापुरत्या दोन ओळी निवडाव्यात. ही निवड हेच फलक लिहिणाऱ्याचे खरे काम आहे.

विहिरीचे पाणी आणि हिवरे बाजारचा धडा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार आपणा सर्वांना ऐकून माहीत आहे. श्री. पोपटराव पवार १९८९ मध्ये तेथे सरपंच झाले व २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेथील बांध-बंधारे पाहायला सहली जातात. त्यांनी पाहावी अशी आणखी एक गोष्ट तेथे आहे. या गावात पडलेला पाऊस व विहिरींची पातळी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडला जातो आणि त्यावरून रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे ते ठरते. पाणी कमी असेल त्या वर्षी जास्त पाणी लागणारी पिके कमी केली जातात. निर्णय ग्रामसभेचा असतो, पण तो पटतो याचे कारण आकडा सर्वांनी आधी पाहिलेला असतो.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १०,००० लीटर पाणी. गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर असेल तर १ मि.मी. पावसात १ कोटी लीटर पाणी पडते. त्यातील बराचसा भाग वाहून व वाफ होऊन जातो, हे खरे. म्हणून केवळ पावसावर विसंबू नये आणि ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या चार-पाच विहिरींत दोरी सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर फलकावर लिहावे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरील किंवा निम्न दुधनाखालील गावांनी पाण्याच्या पाळीची तारीखही लिहावी. जिंतूर, पालम, गंगाखेडच्या डोंगराळ भागात तर विहिरीची पातळी हाच एकमेव आधार आहे. गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेपासून, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांपासून, ठरावीक अंतराने पाणी द्यावेच लागते. हरभरा, करडई किंवा रब्बी ज्वारी एक-दोन संरक्षित पाण्यांवरही निभावते. दिवाळीत विहीर मागच्या वर्षीपेक्षा दोन परस खाली आहे हे दिसले तर गव्हाचे बियाणे आणण्यापूर्वी माणूस विचार करतो.

बाजारभाव लिहिण्याची रीत

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड येथील बाजार समित्यांचे दर आता सहज मिळतात. चूक होते ती फक्त सर्वात जास्त दर लिहिण्यात. तो कदाचित एखाद्याच चांगल्या वक्कलाला मिळालेला असतो. शेतकरी तो मनात धरून माल नेतो आणि निराश होतो. कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण असे तिन्ही दर आणि आवक लिहावी. जवळच हमीभाव लिहून ठेवावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा ५,३२८ रुपये, तुरीचा ८,००० रुपये व मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये प्रति क्विंटल होता. हंगाम बदलला की आकडा बदलावा.

पीक विम्याचेही तसेच. २०१६ च्या खरिपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागे. ही अट वेळेवर न कळल्याने अनेकांचे दावे राहून गेले. पुढे राज्यात खरीप २०२५ साठी भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पादनावर आधारित करण्यात आली. म्हणजे जुना नियम पाठ करून उपयोग नाही. फलकावर नियमापुढे हंगाम व वर्ष लिहावे, आणि कापणी प्रयोग ज्या गटात व ज्या दिवशी आहे ती माहिती कृषि सहायक किंवा तलाठ्यांकडून घेऊन आदल्या दिवशी लिहावी. प्रयोगाच्या वेळी गावातील चार जाणती माणसे हजर असणे केव्हाही चांगले.

पंचायतीचा खर्च

येथे खरी कसोटी लागते. पाऊस, पतंग, भाव लिहिण्यास कोणाचीही हरकत नसते. पण 'अमुक नाली, मंजूर रक्कम इतकी, खर्च इतका, काम सुरू तारीख, काम बाकी' अशी ओळ लिहिली की फोन सुरू होतात. सदस्यालाच सांगितले जाते की हे कशाला चव्हाट्यावर. पण फलकावर फक्त हवामान आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा राहिल्या तर लोक सहा महिन्यांत त्याला सदस्याची पाटी समजू लागतात. म्हणून दर महिन्याला एक दिवस ठरवून जमा-खर्चाच्या ठळक रकमा व चालू कामांची स्थिती लिहावी. आपल्या स्वतःच्या वॉर्डातील रखडलेले काम सर्वात आधी लिहावे. स्वतःचे नाव फक्त लिहिणारा म्हणून खाली यावे, मजकुरात येऊ नये. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आकडे लेखी घ्यावेत. ऐकीव आकड्याने विनाकारण भांडण होते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात. तिची तारीख व विषय किमान आठवडाभर आधी फलकाच्या वरच्या कोपऱ्यात चौकट आखून लिहावेत. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभांमध्ये बऱ्याच वेळा लोकांना सभा आहे हेच ठाऊक नसते.

प्रश्नांची जागा

१९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशेच्या आसपास खेड्यांत शेतकरी नभोवाणी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावातील काही माणसे एका रेडिओभोवती बसत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत, नंतर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. रेडिओ तेव्हाही अनेक ठिकाणी होता. या मंडळांत वेगळे होते ते गावातून परत जाणारे पत्र.

फलकाचा खालचा चौथा भाग असाच रिकामा ठेवून 'प्रश्न' असे लिहावे. शेजारी दोरीला खडू बांधून ठेवावा. कोणी 'तुरीची पाने पिवळी पडतात' असे लिहील, कोणी 'तीन नंबर वॉर्डात आठ दिवस नळ नाही' असे लिहील. कोणी वात्रटपणाही करील, तो पुसून टाकावा व विषय वाढवू नये. प्रश्नाला आठवडाभरात उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर मिळाले नसेल तर 'विचारले आहे, उत्तर आले नाही' असे तारखेसह लिहावे. तेही उत्तरच आहे.

चूक झाली तर गुपचूप पुसू नये. 'काल कापसाचा भाव चुकीचा लिहिला गेला, बरोबर भाव असा' असे दुसऱ्या दिवशी त्याच जागी लिहावे.

रोजचा मजकूर किती असावा याचा अंदाज यावा म्हणून एक नमुना देत आहोत. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

मंगळवार, दिनांक ....., लिहिणार .....
पाऊस : १४ मि.मी. जूनपासून एकूण ३१२ मि.मी.
कामगंध सापळे : वरचे शिवार ६, मधले ३, नदीकाठ ९ (काल ८)
सल्ला : शुक्रवारपर्यंत पावसाची शक्यता, फवारणी पुढे ढकलावी.
पंचायत : मासिक सभा गुरुवारी सकाळी ११ वाजता.
कालच्या प्रश्नाचे उत्तर : नळाची मोटार दुरुस्तीस दिली आहे, शनिवारी पाणी सुटेल.

एवढे पुरे आहे. वाचायला एक मिनिट लागते. लिहून झाल्यावर फलकाचे छायाचित्र काढून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे, म्हणजे पुण्या-मुंबईला असलेल्या मुलांनाही गावचा पाऊस कळतो. मात्र आधी भिंतीवर, मग मोबाईलवर, हा क्रम बदलू नये. गटात आपल्या पार्टीचीच माणसे असतात, भिंत मात्र सर्वांची असते.

फलक मे महिन्यातच रंगवून घ्यावा, जूनमध्ये रंग वाळत नाही. १८ मे रोजी विद्यापीठाच्या वर्धापन दिनी परभणी येथे खरीप पीक मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला रब्बी पीक मेळावा असतो. फलकावरील ज्या प्रश्नांची उत्तरे गावात मिळाली नाहीत ते वहीत उतरवून लिहिणाऱ्यांपैकी एकाने सोबत आणावेत. चर्चासत्रात त्या त्या पिकाचे शास्त्रज्ञ समोर असतात. इतर दिवशी विद्यापीठाच्या कृषि तंत्रज्ञान माहिती केंद्रात विचारता येईल. येताना पावसाची वही आणण्यास विसरू नये, कारण शास्त्रज्ञ पहिला प्रश्न पावसाचाच विचारतात.